खिशांतल्या कॅमेऱ्याचें मोल

नभोवाणीवरून छायाचित्रांविषयीं बोलणें म्हणजे अंधाऱ्या खोलींत बसून रंगांचें वर्णन करण्यासारखें आहे. मला जें दाखवावयाचें तें तुम्हांस दिसावयाचें नाहीं. तरीही हें धाडस करतों. कारण आजचा विषय चित्रांचा नसून एका वस्तूच्या मोलाचा, आणि तें मोल आपण कोणत्या मापानें ठरवीत आलों याचा आहे. ती वस्तु म्हणजे खिशांत मावणारा, अंतराचा व उजेडाचा हिशोब आपला आपणच करणारा डिजिटल कॅमेरा. नेम धरावा आणि बटण दाबावें, एवढेंच काम तो मालकाकडे ठेवतो.

माझ्या टेबलाच्या खणांत असे दोन कॅमेरे आहेत. एक २००२ सालीं घेतलेला, दुसरा २०१० सालीं. पहिल्याच्या अंगावर २ मेगापिक्सेल असें लिहिलेलें आहे, दुसऱ्याच्या अंगावर १४. एक मेगापिक्सेल म्हणजे १० लक्ष बिंदु. अशा बिंदूंचें मिळून चित्र बनतें. ८ वर्षांत सातपट प्रगति झाली, असें या दोन आंकड्यांवरून कोणासही वाटेल. मलाही वाटलें होतें. ती समजूत कशी घडली हें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

छायाचित्र काढणें हा एके काळीं कांचेच्या जड पट्ट्या, रासायनिक द्रव्यें आणि तिकाटणीं यांचा संसार होता. १८८८ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवच्या जॉर्ज ईस्टमननें ‘कोडॅक’ नांवाची एक पेटी बाजारांत आणली आणि हा संसार मालकाच्या डोक्यावरून उतरविला. पेटीची किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची फिल्म आधींच घातलेली असे. ती संपली कीं अख्खी पेटीच १० डॉलरांसह रॉचेस्टरला पाठवावयाची. तेथें चित्रें धुऊन, छापून, नवी फिल्म घालून ती परत येई. मालकानें बटण तेवढें दाबावें, बाकीचें कारखाना पाहील, असा हा करार होता. १९०० सालीं त्याच कंपनीनें १ डॉलरला ‘ब्राउनी’ काढला, आणि कॅमेरा लहान मुलांच्याही हातीं गेला. आपल्याकडे पुढें आग्फाचा क्लिक-३ बडोद्यास तयार होऊं लागला. एका रोळावर ६ सेंटिमीटरच्या १२ चौकोनी चित्रांचा हिशोब. त्यांतलें एक जरी फुकट गेलें तरी घरांत बोलणीं बसत! अशा कॅमेऱ्याची पारख लोक कशी करीत? कोणाच्या तरी घरचा अल्बम पाहून. चित्र बरें आलें असेल तर कॅमेरा बरा. आंकड्याचा कोठें संबंधच नव्हता.

जपानी कारखान्यांनीं या साध्या पेटींत हळूहळू अक्कल भरली. १९७७ सालच्या कोनिका सी-३५ एएफ या कॅमेऱ्यानें अंतर स्वतः जुळविण्याची युक्ति सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली. १९७९ सालीं कॅनननें एएफ-३५एम काढला. तो अदृश्य अशा अवरक्त किरणांनीं अंतराचा अंदाज घेई. फिल्मही तो मोटारीनें पुढें सरकवी. करण्यासारखें मालकाच्या हातीं आतां फारच थोडें उरलें.

डिजिटल कॅमेऱ्याचा उगम याहून निराळा. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें रूपांतर विद्युद्भारांत करून तो मोजून घेणारी सिलिकॉनची योजना शोधली. तिजसाठीं त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ च्या डिसेंबरांत कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनें या योजनेवर चालणारा पहिला हातीं धरण्याजोगा कॅमेरा जुळविला. वजन साडेतीन किलोहून अधिक, चित्रांत १०० गुणिले १०० म्हणजे अवघे १०,००० बिंदु, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद! ज्या कंपनीनें फिल्म घरोघर नेली तिच्याच घरांत फिल्मचा वारस जन्मावा, हा योग मोठा विलक्षण आहे.

सामान्य माणसाच्या हातीं जी वस्तु आली ती २० वर्षांनंतर. कॅसिओचा क्यूव्ही-१० हा कॅमेरा १९९५ सालीं जपानांत ६५,००० येन किंमतीला विकावयास आला. त्याच्या पाठीवर १.८ इंचांचा पडदा होता, आणि बटण दाबल्यावर काढलेलें चित्र त्यावर दिसे. आज यांत कोणास नवल वाटणार नाहीं. परंतु ईस्टमनच्या वेळेपासून १०० वर्षांवर चित्र काढणें आणि चित्र पाहणें यांमध्यें जो विरह होता, तो या पडद्यानें संपविला. डोळे मिटले, पुन्हां काढा. मान वांकडी आली, पुन्हां काढा. माझ्या मतें खिशांतल्या डिजिटल कॅमेऱ्याचा खरा गुण हाच होता, आणि कोणत्याही आंकड्यांत तो सांगतां येत नसे.

क्यूव्ही-१० चें चित्र मात्र ३२० गुणिले २४० बिंदूंचें. कागदावर छापलें तर टपालाच्या तिकिटाएवढेंच सुबक दिसावें. तेव्हां बिंदु वाढवा ही मागणी त्या वेळीं अगदीं रास्त होती. हिशोब सोपा आहे. आपण अल्बमांत लावतों तें चित्र ६ इंच गुणिले ४ इंच. इंचास ३०० बिंदु छापले कीं जवळून पाहणाऱ्याचाही डोळा तृप्त होतो. म्हणजे १,८०० गुणिले १,२००, एकूण २१ लक्ष ६० हजार बिंदु. २००० सालीं कॅनननें डिजिटल इक्सस हा पत्त्यांच्या जोडाची आठवण देणारा धातूचा देखणा कॅमेरा काढला, त्यांत २ मेगापिक्सेल होते. म्हणजे अल्बमापुरती गरज त्याच वर्षीं जवळजवळ भागली होती! भिंतीवर टांगण्यासाठीं १० इंच गुणिले ८ इंच चित्र हवें म्हटलें तरी ७२ लक्ष बिंदु पुरेत. शर्यत तेथें संपावयास हरकत नव्हती. ती संपली नाहीं.

कां संपली नाहीं, याचें उत्तर दुकानाच्या कांचेच्या कपाटांत आहे. ओळीनें मांडलेले १५ कॅमेरे, सारे रुपेरी, सारे सारखे. गिऱ्हाइकास फरक कळावा कसा? चित्र काढून तुलना करण्याची सोय क्वचितच असे. मग प्रत्येकाच्या तोंडावर छापलेला एक आंकडा तेवढा डोळ्यांत भरे, आणि मोठा आंकडा तो चांगला, हा न्याय लागू होई. जो आंकडा खरोखर विचारावयास हवा, तो कपाळावर कोणीच छापीत नसे. आणि माहितीपत्रकांत जरी सांपडला तरी तो अशा भाषेंत असे कीं वाचणारा फसावा.

तो आंकडा म्हणजे सेन्सरचा, अर्थात् प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचा आकार. पत्रकांत तो ‘१/२.५ इंच’ असा देत. साध्या गणितानें याचे १० मिलिमीटर होतात. परंतु सेन्सर मोजून पाहावा तर त्याचा कर्णसुद्धां ७ मिलिमीटरच्या किंचित् वर भरतो. मग हा इंच कोणता? हा इंच जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या कांचेच्या नळीचा. त्या नळीची बाहेरची जाडी १ इंच असली तर आंतल्या चित्राचा कर्ण १६ मिलिमीटरच्या आसपास असे. नळ्या गेल्या, सिलिकॉन आलें. पण मोजणाऱ्यांनीं नळीचा इंच सोडला नाहीं. धान्याचें माप पोत्याच्या बाहेरून घ्यावें, तसा हा प्रकार.

प्रत्यक्षांत त्या तुकड्याचें क्षेत्रफळ २५ चौरस मिलिमीटरांच्या आंतबाहेर. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राचें क्षेत्रफळ ८६४. सुमारे पस्तीसपट अंतर!

आतां आपल्या वाड्याचें एखादें उघडें अंगण डोळ्यांपुढें आणा. पाऊस पडत आहे आणि अंगणभर भांडीं मांडलेलीं आहेत. अंगण म्हणजे सेन्सर, पाऊस म्हणजे प्रकाश, आणि भांडीं म्हणजे बिंदु. घमेलीं उचलून त्या जागीं वाट्या मांडल्या तर भांड्यांची संख्या वाढेल. पण अंगणांत पडणारें पाणी एका थेंबानेंही वाढावयाचें नाहीं. वाढलें तर काठांवर फुकट जाणारें पाणी वाढेल. भर दुपारच्या उजेडांत, म्हणजे मुसळधार पावसांत, वाट्याही भरून वाहतात आणि तक्रारीस जागा राहत नाहीं. परंतु दिव्याच्या उजेडाची भुरभुर असली म्हणजे एका वाटींत चार थेंब, शेजारच्या वाटींत नऊ, असा प्रकार होतो. चित्रांत त्याचेच दाणे उठतात. ते लपविण्यासाठीं कॅमेऱ्याच्या आंतलें गणित शेजारशेजारच्या वाट्यांची सरासरी काढतें. दाणे जातात, आणि त्यांच्याबरोबर केसांच्या बटा, लुगड्याचा पोत, कपाळावरच्या आठ्या याही जातात. मोठ्या अंगणाचें मोल येथें कळतें.

कारखानदारांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. फूजीनें २००६ सालीं एफ-३० हा कॅमेरा ६ मेगापिक्सेलवरच ठेवला, आणि मंद उजेडांतल्या कामाबद्दल जाणत्यांत त्याचें नांव झालें. याहून बोलकें उदाहरण कॅननचें. २००८ सालच्या जी-१० मध्यें १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षीं आलेल्या जी-११ मध्यें अंगण तेवढेंच ठेवून ते १० वर आणले. इतकीं वर्षें चढता आंकडा दाखवून माल विकणाऱ्यानें तो भर बाजारांत उतरवावा, ही या इतिहासांतली एक मोठी कबुली आहे. पण ती जाणत्या गिऱ्हाइकांच्या महाग कॅमेऱ्यापुरतीच राहिली. स्वस्त मालाच्या कपाटांत आंकडा चढतच होता.

आणि त्याच कपाटापुढें मी २०१० सालीं उभा होतों. त्या वर्षीं गणपतीस वाईला आत्याच्या घरीं गेलों, तो नवा १४ मेगापिक्सेलचा कॅमेरा खिशांत घालून. संध्याकाळीं आरतीनंतर आत्या समईपाशीं वाती सारखी करीत बसली होती. फ्लॅश मारला असता तर तो उजेडच मेला असता, म्हणून तो बंद करून मीं एक चित्र घेतलें. पाठीवरच्या लहान पडद्यावर तें फार सुरेख दिसलें. मार्गशीर्षांत आत्या गेली. मग तें चित्र मोठें करून छापावयास दिलें, तेव्हां हातीं आला तो मेणाचा चेहरा. सुरकुत्या नाहींत, हनुवटीवरचें गोंदण नाहीं, डोळ्यांभोंवतीं नुसता गुळगुळीत तांबूस लेप. ८२ वर्षांचें तें तोंड यंत्रानें सरासरी काढून पुसून टाकलें होतें.

रागाच्या भरांत त्या कॅमेऱ्यास नांवें ठेवलीं, तीं सर्व न्याय्य नव्हतीं. पुढें एके रात्रीं दोन्ही कॅमेरे समईपुढें ठेवून मीं पितळी तांब्याचीं चित्रें घेतलीं. २ मेगापिक्सेलचें चित्र काळोखें आणि खरखरीत आलें. पण तांब्यावरचे ठोक्याचे व्रण त्यांत होते. १४ मेगापिक्सेलचें उजळ आलें, पण तांब्या साबणाचा केल्यासारखा. तीच दोन्ही चित्रें पोस्टकार्डाएवढीं छापलीं, तर फरक बराचसा मावळला. म्हणजे नवा अगदींच कुचकामी नव्हता. ज्या सातपटीसाठीं मीं पैसे मोजले, ती तेवढी कोठें दिसली नाहीं.

मग अशा कॅमेऱ्याची पारख करावी कशी? बटण दाबल्यापासून चित्र टिपलें जाईपर्यंत किती वेळ जातो, हें मी पहिल्यानें पाहीन. आरंभींच्या डिजिटल कॅमेऱ्यांत अंतर जुळविण्यांत सेकंदाच्या आसपास वेळ जाई, आणि तेवढ्यांत मूल हसून मोकळें होई. बॅटरीची परीक्षा करण्याचा एक प्रामाणिक मार्ग जपानच्या कॅमेरा-उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघानें २००३ सालीं घालून दिला: दर ३० सेकंदांस एक चित्र, एकाआड एक चित्रास फ्लॅश, दर वेळीं भिंग पुढेंमागें, आणि १० चित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हां सुरू. माणूस कॅमेरा जसा वापरतो तशीच ही परीक्षा असल्यामुळें तिच्या आंकड्यावर मी विश्वास ठेवतों. बाकी घरांतल्या दिव्याखालीं, फ्लॅश बंद करून, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचें चित्र काढावें आणि तें छापून पाहावें. दुकानदार कंटाळेल, कंटाळूं द्यावा.

२०१२ सालीं सोनीच्या आरएक्स-१०० नें ‘१ इंची’ म्हणजे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा सेन्सर खिशांत मावेल अशा देहांत बसविला. अंगण एकदम चौपट झालें. पण तोंवर बाजाराचा नूर पालटला होता. ‘सीपा’च्या नोंदींप्रमाणें २०१० सालीं अशा जोडभिंगाच्या कॅमेऱ्यांची रवानगी १० कोटींहून अधिक झाली होती, २०२३ सालीं ती १७ लक्षांच्या घरांत आली. मोबाइल फोननें तो धंदा गिळला. २०२४ सालीं आंकडा थोडा वर सरकला, आणि तरुण मंडळी जुन्या बाजारांत असले कॅमेरे धुंडाळूं लागलीं आहेत.

माझी भाची त्यांतलीच. खणांतले दोन्ही कॅमेरे तिनें मागितले. १४ मेगापिक्सेलच्याची बॅटरी फुगून निकामी झालेली, आणि तसली आतां मिळत नाहीं. २ मेगापिक्सेलचा मात्र किराणा दुकानांत मिळणाऱ्या साध्या सेलांवर चालतो, म्हणून तोच ती घेऊन गेली. त्याच्या कार्डांत २००३ सालच्या उन्हाळ्यांतलें, तुळशीपाशीं उभ्या असलेल्या आत्याचें एक सकाळचें चित्र निघालें. तें तिनें ६ इंच गुणिले ४ इंच छापून मला आणून दिलें. गोंदणाचा प्रत्येक ठिपका मोजतां येतो. कोपऱ्यांत छापलेली तारीख तेवढी चुकीची आहे. सेल बदलल्यावर घड्याळ लावावयाचें मी विसरलों होतों.