न झालेला ट्राय, न मोजलेली टॅकल : रग्बी लीगच्या नियमांत दडलेला इतिहास

१/ ११ मे १९६८. लंडनचे वेम्बली मैदान. चॅलेंज कपचा अंतिम सामना : लीड्स विरुद्ध वेकफिल्ड ट्रिनिटी. पावसाने गवतावर तळी साचलेली. अगदी अखेरच्या क्षणी वेकफिल्डने ट्राय केला आणि गुणफलक ११-१० झाला. आता डॉन फॉक्सने गोलखांबांसमोरून एक साधी किक साधली की २ गुण आणि चषक वेकफिल्डचा. फॉक्स धावला, चेंडू खांबांच्या बाहेरून गेला.

२/ ती हुकलेली किक सर्वांना आठवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याआधीच्या एका निर्णयापाशी थांबावे. लीड्सच्या ११ गुणांपैकी ५ गुण अशा ट्रायमुळे मिळाले होते, जो प्रत्यक्षात झालाच नव्हता!

३/ मध्यंतराला वेकफिल्ड ७-४ असे पुढे होते. उत्तरार्धात लीड्सने चेंडू पुढे मारला आणि जॉन अ‍ॅटकिन्सन त्यामागे धावला. त्याला अडवले गेले, असे पंचांचे मत पडले. अ‍ॅटकिन्सनने चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला नव्हता, तरीही पंचांनी ट्राय बहाल केला. ट्रायचे तेव्हा ३ गुण, त्यानंतरच्या किकचे २. लीड्स ९-७ असे पुढे गेले.

४/ हा निर्णय नियमाला धरून होता का? होय. प्रतिपक्षाने गैरखेळ केला नसता तर ट्राय झाला असता, असे पंचांचे मत असेल तर ते पेनल्टी ट्राय देऊ शकतात, आणि पुढची किक खांबांसमोरून मिळते. पंचाला येथे घडलेल्या नव्हे, तर न घडलेल्या गोष्टीचा निवाडा करावा लागतो. इतिहासकाराला ‘जर-तर’ वर्ज्य. पंचाला मात्र ते कर्तव्य म्हणून नेमून दिलेले. नाहीतर हमखास होणारा ट्राय अडवण्यासाठी गैरखेळ करणे हाच फायद्याचा सौदा ठरेल.

५/ हे नियम आले कोठून? त्यांचे मूळ मजुरीत आहे. यॉर्कशायर आणि लँकेशायरचे अनेक खेळाडू खाणकामगार व गिरणीकामगार होते. सामन्यासाठी काम सोडले की मजुरी बुडे. ती भरून देण्याचा प्रस्ताव १८९३ मध्ये रग्बी युनियनच्या सभेत आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. हौशी खेळाची सोवळी कल्पना ज्यांना परवडत होती, त्यांचा तो विजय होता.

६/ २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली : नॉर्दर्न युनियन. बुडालेल्या दिवसाचे ६ शिलिंगांपर्यंत देण्यास तिने मुभा दिली. परंतु पैसे द्यायचे तर ते तिकीटखिडकीवर जमले पाहिजेत, आणि प्रेक्षक यायचे तर खेळ वाहता हवा. म्हणून १८९७ मध्ये लाइन-आउट गेला. १९०६ मध्ये संघ १५ वरून १३ खेळाडूंचा झाला.

७/ १९०६ मध्येच ‘प्ले-द-बॉल’ आला. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागच्या सहकाऱ्याकडे ढकलतो. उपाय उत्तम, पण त्यातून नवी व्याधी जडली. असे किती वेळा करावे, याला मर्यादाच नव्हती. आघाडीवरचा संघ चेंडू कवटाळून वेळ काढू शके. सिडनीत सेंट जॉर्ज संघाने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदे मिळवली, ती याच अमर्याद टॅकलच्या युगात.

८/ १९६६ मध्ये इंग्लंडने चार टॅकलची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियानेही. सेंट जॉर्जची विजयमालिका त्याच वर्षी खंडित झाली. नियम हेच एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण योगायोग बोलका आहे. चार टॅकलमध्ये खेळ फार घाईचा होऊ लागला, म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभी आकडा सहावर स्थिरावला.

९/ आता दुसऱ्या जातीचा वाद. १४ सप्टेंबर २०१३, सिडनी, बाद फेरीचा सामना. क्रोनुलाने नॉर्थ क्वीन्सलंडविरुद्ध एक ट्राय केला, तो सातव्या टॅकलवर! पंचांची मोजणी चुकली होती. अंतिम गुण २०-१८. चूक नंतर मान्य झाली. निकाल मात्र कायम राहिला. नॉर्थ क्वीन्सलंडचा हंगाम तेथेच संपला.

१०/ दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. वेम्बलीत न झालेला ट्राय मोजला गेला. सिडनीत झालेली टॅकल मोजली गेली नाही. पहिल्यावर मतभेद होऊ शकतात, कारण नियमाने तेथे पंचाच्या विवेकाला जागा दिली आहे. दुसऱ्यात मतभेदाला वावच नाही. सहापर्यंतची गणती लहान मूलही करते. म्हणून माझ्या मते दुसरा अन्याय अधिक गंभीर.

११/ मग निकाल का फिरवला नाही? कारण तो ट्राय वगळला असता तर पुढचा सगळा खेळच निराळा झाला असता, आणि तो कसा झाला असता हे कोणीच सांगू शकत नाही. पंचाचा ‘जर-तर’चा अधिकार शेवटच्या शिट्टीबरोबर संपतो. त्यानंतर सामना आपल्या हाती येतो, आणि आपल्याला, नियमाप्रमाणे, जे घडले तेवढेच लिहिता येते.