धाकट्यासकट शाळेत

ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या, एवढ्यावर आम्ही वऱ्हाडातले मास्तर त्यांना आपल्या म्हणतो. पुढचं त्यांचं बालशिक्षणाचं काम मात्र लांब झालं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर, मग दादरला आणि 1945 पासून बोर्डीला. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मोंटेसरीचं महागडं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, खडे आणि पानं घेऊन मोजणी आणि रंग शिकवले. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणी आणि गोष्टी. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. अंग खाजत असलेलं पोर गोष्ट काय ऐकणार?

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम म्हणजे विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकट्याला सांभाळायला घरी अडकलेली बहीण त्याला कडेवर घेऊनच शाळेत येई. त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं.

मी किन्हीराजाला शिकवत होतो, तेव्हा सोयाबीनची सोंगणी लागली की मुलींची हजेरी घसरायची. माय वावरात, लहाना घरी, त्याच्यापाशी चौथीतली बहीण. गावात अंगणवाडी होती. पण ती सुटायची दुपारी आणि बाया परतायच्या दिवस कलल्यावर. तीन वर्षांखालच्या पोराला तिथून घरी न्यायचा कोरडा आहार मिळे, बसायला जागा नाही.

ही अंगणवाडी ज्या योजनेतली, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली. आपल्या मेळघाटातलं धारणी त्यातलंच. लसीकरण, वजनकाटा, पूरक आहार हे सगळं तिने गावोगाव नेलं आणि त्याने पोरं जगली, हे नाकारणारा मी नाही. पाळणा मात्र मागे राहिला. सेविकेच्या हाती रजिस्टरं आली, नंतर मोबाईल आला. केस विंचरायला वेळ कुठून आणायचा?

रोजगार हमीच्या कायद्यात सोय आहे: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, तिला मजुरी द्यायची. खासगी वावरातल्या सोंगणीला हा नियम लागत नाही, आणि वऱ्हाडातल्या बायांचं बरंचसं काम असतं तिथेच. 2022 पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलंय. जोडा, पण वेळ मजुरीची ठेवा, कचेरीची नको.