भुतांची जात

भयकथेतील भूत पुष्कळदा प्रेमात अडकलेले भूत असते. पोच्या 'लिजिया'त (१८३८) मेलेली पत्नी दुसरीच्या देहातून परत येते. रवींद्रनाथांच्या 'क्षुधित पाषाण'मध्ये (१८९५) कापसाच्या करवसुलीला आलेला बाबू ओसाड महालातल्या, केव्हाच्या मरून गेलेल्या स्त्रीसाठी झुरतो. मराठीत नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी वाचनालयांतून हे भय घराघरांत नेले. या कथांतील हुरहूर खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ती उभी असते कशावर? महाल, वाडा, बंद खोली, तसबीर, दागिने यांवर. मागे ठेवायला काही असते त्यालाच परत येता येते.

आमच्या कोल्हारला, प्रवरेच्या काठी, भुतांच्या गोष्टींना तोटा नव्हता. लोकसमजुतीत भुतांनाही जात असते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोर मुंजा होऊन पिंपळावर बसतो. वासना उरलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. म्हणजे मेल्यावरही प्रतिष्ठा सुटत नाही!

आणि महार? तो या गोष्टींत बहुधा जिवंतच असतो, हातात काठी घेऊन वाट दाखवण्यापुरता. वास्तविक रात्रीची आणि मसणवट्याची खरी ओळख त्यालाच. वेशीवर जागायचे वेसकराने. मयताची खबर घेऊन अंधारात गावोगाव धावायचे त्यानेच. सरणाची लाकडे वाहायची, मेलेले ढोर ओढायचे, तेही त्यानेच. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) ही गावकी मांडली. तिला वतन म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्राम वतने निकालात निघाली ती १९५८ च्या कायद्याने.

त्याआधी दोन वर्षे, १९५६ साली नागपूरला, दीक्षेच्या प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले गेले. या घटनेकडे भयकथेच्या अभ्यासकांनी पाहायला हवे. पिंडासाठी ताटकळणारा, कावळा शिवेना म्हणून घुटमळणारा मृतात्मा आमच्या घरातून त्या दिवशी रजा घेऊन गेला. दुःख मात्र गेले नाही. बाबुराव बागुलांच्या १९६९ च्या कथासंग्रहाचे नावच 'मरण स्वस्त होत आहे'. तिथे भूत लागत नाही, माणसेच पुरतात.

तेव्हा विरहाची कथा आमच्याकडे नाही असे कोणी समजू नये. दुसऱ्याच्या मयताची खबर घेऊन तराळ रात्री निघाला, तेव्हा त्याची बाईल कुडाच्या घरात दिव्यात तेल नसताना कोणाची चाहूल घेत बसली होती? ती कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही.