पांढऱ्या पट्ट्याचे चाक

सिरोंच्यात बसून मोटारीच्या चाकाच्या रंगाविषयी बोलणे काहीसे विचित्र वाटेल. नाला चढला की जेथे वाटच खुंटते, तेथे चाकाच्या शोभेचा विचार कोणी करावा? परंतु याच प्राणहितेच्या काठाने वाहन आणि वाट यांचा मेळ न बसल्याचा एक मोठा प्रसंग पाहिला आहे. त्याकडे मी शेवटी येईन. तूर्त प्रश्न एवढाच की, जुन्या मोटारींच्या टायरांना शोभणारा तो पांढरा पट्टा आजच्या वेगवान स्पोर्ट्स मोटारीला शोभेल काय? पसंत आपली आपली, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येईल. पण त्याला एक इतिहास आहे, आणि तो ऐकल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे.

आपल्या बैलगाडीपासून सुरुवात करू. लोहार लोखंडाची धाव लाल होईपर्यंत तापवतो, लाकडी चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते आणि चाकाला आवळून धरते. ती शोभेसाठी कोणी बसवलेली नाही. पण नीट बसलेली धाव पाहून डोळ्यांना समाधान होते, हेही खरे. उपयोगातून आलेले रूप म्हणतात ते हेच.

टायरच्या पांढऱ्या पट्ट्याचा जन्मही असाच झाला. 1888 साली बेलफास्ट येथे डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. कच्चे रबर मुळात फिकट रंगाचे. त्यात बळकटीसाठी जस्ताची भुकटी, म्हणजे झिंक ऑक्साइड, घालीत. त्यामुळे ते टायर पांढरट दिसत. पुढे, 1910 च्या सुमारास, रबरात विशिष्ट काजळी मिसळली तर ते पुष्कळच कमी झिजते, या ज्ञानाचा टायर-धंद्यात उपयोग होऊ लागला. रस्त्याला घासतो तो भाग तेवढा काळा करून काही कारखानदारांनी बाजू तशाच ठेवल्या. पांढरी बाजू ही त्या काळी काटकसरीची खूण होती, ऐटीची नव्हे!

नंतर चक्र उलटे फिरले. संपूर्ण काळे टायर सर्वत्र झाले, आणि मग पांढरी बाजू मुद्दाम मिरवण्याची वस्तू ठरली. रोज धुऊन पुसून ठेवावा लागणारा पट्टा ज्याच्या गाडीला, त्याच्या पदरी नोकर असणार, असा त्याचा अर्थ झाला. 1953 साली अमेरिकेत शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स मोटार काढली. त्या वर्षीच्या तीनशेही गाड्या पांढऱ्या, आतून लाल, आणि चाकांना पांढरे पट्टे! तेव्हा पांढरा पट्टा आणि स्पोर्ट्स मोटार यांचे मुळातच वैर आहे, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट पुढे पद्मिनी झाली आणि घराघरांत पोचली. हौशी मालक टायर व रिम यांच्यामध्ये पांढऱ्या रबराची कडी बसवीत. लग्नाच्या वरातीत ती गोलाकार गाडी हळूहळू चाले, तेव्हा तो पट्टा तिच्या अंगाचाच वाटे.

मग आता बिघडले कुठे? बिघडले ते टायरच्या उंचीत. 1953 च्या टायरची बाजू जवळजवळ त्याच्या रुंदीइतकी उंच असे. आजच्या स्पोर्ट्स मोटारीच्या टायरवर 245 आणि 35 असे आकडे दिसतात. म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या शेकडा 35, अवघी 86 मिलिमीटर! वळणावर टायर कलंडू नये म्हणून ती मुद्दाम आखूड केलेली असते. इतक्या अरुंद जागेत पट्टा काढला तर तो मोठ्या चाकाभोवती चुन्याची रेघ ओढल्यासारखा दिसतो. वेगळी कडी बसवावी, तर रेडियल टायरची बाजू सतत लवते. कडी तिला घासते आणि भर वेगात निसटण्याचीही भीती असते. पूर्वी ज्या भिंतीवर चित्र होते, ती भिंतच उरलेली नाही.

आता आपल्या नदीकडे येऊ. 1860 साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले. आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरीतून आगबोटी चालवून आतला कापूस समुद्राकडे न्यावयाचा बेत होता. इतरत्र ही युक्ती नामी. पण येथे दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि देवलमरी येथील खडकांचे अडथळे, आणि उन्हाळ्यात आटणारे पाणी! तशात 1867 साली नागपूरला आगगाडी आली. 1871 साली काम सोडून देण्यात आले. 1874 साली जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. आगबोट वाईट नव्हती, नदीही वाईट नव्हती. दोघींची गाठ चुकीची होती.

पट्ट्याचेही तेच. जुन्या फियाटवर तो कोणी जपला असेल तर त्याला हसू नये. तो त्या गाडीच्या बांध्याला धरून आहे. जुन्या धर्तीची, उंच बाजूच्या टायरांची स्पोर्ट्स मोटार असेल, तर तिलाही तो खुशाल लावावा. परंतु आजच्या बुटक्या टायरांवर तो केवळ आठवणीखातर चढवू नये. शोभा उसनी आणता येत नाही. धाव चाकावर बसते, कारण ती चाकाच्या मापाची असते.