कुलकर्णी (आडनाव)

कुलकर्णी : महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील एक बहुप्रचलित आडनाव. कुळकर्णी असेही लिहितात. गावच्या जमीनमहसुलाचे दप्तर वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या वतनदाराच्या हुद्द्यावरून ते पडले. कुळ म्हणजे जमीन कसणारा आणि करण म्हणजे लेखनकाम, अशी व्युत्पत्ती बहुधा दिली जाते.

सगळे कुलकर्णी एकाच मूळपुरुषाचे वंशज नव्हेत. ज्या ज्या गावी हे वतन होते, तिथे तिथे आडनाव स्वतंत्रपणे रूढ झाले. म्हणून कुलकर्ण्यांत गोत्रे अनेक, कुलदैवते वेगवेगळी. कुलकर्ण्यांच्या मुलीला सासरही कुलकर्ण्यांचेच मिळणे नित्याचे आहे. बहुसंख्य कुलकर्णी देशस्थ ब्राह्मण. परंतु कऱ्हाडे, सारस्वत आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही हे आडनाव आढळते. काही घराण्यांनी जुने उपनाव कायम ठेवले, काहींनी गावाच्या नावापुढे ‘कर’ लावले, त्यामुळे वतन असूनही आडनाव नाही अशी घराणी पुष्कळ. समर्थ रामदासांचे ठोसर घराणे जांब गावचे कुलकर्णी होते, ज्ञानेश्वरांचे पूर्वज परंपरेने आपेगावचे. हुद्द्याचे सरसकट आडनाव झाले ते मुख्यतः इंग्रजी अमदानीत, शाळा-कचेऱ्यांतून ठरावीक आडनाव लिहावे लागू लागले तेव्हा.

गावगाड्यात पाटील कारभार पाही, तर कुलकर्णी लिहून ठेवी. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, याचा मोडी लिपीतला हिशेब रुमालात बांधलेल्या दप्तरात असे. परगण्याच्या पातळीवर हेच काम देशपांडे करीत. मोबदल्यात इनाम जमीन व रयतेकडून धान्यादी हक्क मिळत. वतन भाऊबंदांत वाटले जाई आणि तक्षिमदार (वाटेकरी) पाळीपाळीने काम करीत. त्यावरून लागलेले तंटे पेशवे दप्तरात विपुल आहेत. लिहिता-वाचता येणारा गावात एखादाच, त्यामुळे लेखणीबरोबर सत्ताही कुलकर्ण्याच्याच हाती आली. तिचा गैरवापर झाला तो महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अत्यंत कठोर शब्दांत मांडला, आणि त्यांची तक्रार उगाच नव्हती.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आली. त्याआधी, 1948 मध्ये, गांधीहत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध झालेल्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गाव सोडले. पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यांच्या नावे जमिनी झाल्या. नोकरी-शिक्षणासाठी शहराकडे वळण्याची ओढ जुनीच होती, तिला जाळपोळ व कूळकायदा या दोन्हींनी गती दिली. पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर येथील कुलकर्णी कुटुंबांपैकी पुष्कळांचा मूळ गावाशी संबंध आज कुलदैवतापुरता उरला आहे.

आडनावाचा प्रसार जुन्या महसूलव्यवस्थेच्या वाटेनेच गेलेला दिसतो. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व मराठवाडा येथे ते दाट आहे. खोतामार्फत महसूल वसूल करण्याच्या खोती पद्धतीमुळे कोकणात विरळ. नागपूरकडे गावचा लेखनिक पांड्या किंवा पटवारी म्हणून ओळखला जाई, त्यामुळे तिथे पटवारी हेही आडनाव भेटते. बेळगाव, धारवाड, विजापूर, कलबुर्गी भागात कन्नड मातृभाषेचे कुलकर्णी मोठ्या संख्येने आहेत. सुधा मूर्ती यांचे माहेरचे आडनाव हेच. भाषेच्या सीमेवरचे हे आडनाव दोन्हीकडचे आहे: कथाकार जी. ए. कुलकर्णी मराठीत लिहीत, पण त्यांचे अध्यापन धारवाडला झाले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी सत्तेबरोबर, हैदराबादेत निजामाच्या राज्यातील मराठी मुलखामुळे ते पोहोचले. गेल्या काही दशकांत माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांनी ते अमेरिकेत नेले.

गायिका धोंडूताई, कसोटीत पहिल्याच चेंडूवर बळी घेणारे नीलेश (1997), अभिनेते अतुल, दिग्दर्शक उमेश हे काही प्रसिद्ध कुलकर्णी. मराठी चित्रपटसृष्टीत सोनाली कुलकर्णी या एकाच नावाच्या दोन अभिनेत्री आहेत. कोणती ते प्रेक्षकांना दर वेळी विचारावे लागते.