गुत्ता, लिलाव आणि बावीस कोटींची बाटली

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात व्हिस्कीची एक बाटली विकली गेली. मॅकॅलन या स्कॉटलंडमधील भट्टीत १९२६ साली गाळलेली ती दारू साठ वर्षे लाकडी पिंपात पडून होती. १९८६ मध्ये तिच्या अवघ्या ४० बाटल्या भरण्यात आल्या. त्यांपैकी बारांवर वालेरिओ अदामी या इटालियन चित्रकाराने काढलेली चिठ्ठी होती, आणि ही त्या बारांतली एक. लिलावगृहाचा अंदाज साडेसात ते बारा लाख पौंडांचा होता. बोली चढत गेली आणि दलालीसह आकडा २१,८७,५०० पौंडांवर जाऊन थांबला. आपल्या हिशोबाने बावीस कोटी रुपयांहून अधिक! म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल एवढ्या दारूची किंमत पंधरा लाखांच्या घरात गेली. ती पिण्यासाठी कोणी घेतली असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता कर्जत-खालापूरच्या माणसाने या बाटलीशी काय कर्तव्य, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, दारूचा लिलाव ही गोष्ट आपल्या तालुक्यांना नवी नाही. लंडनच्या मंडळींनी बाटली लिलावात काढण्याच्या पुष्कळ आधीपासून आपल्याकडे दारूचे लिलाव होत होते. फक्त बोली बाटलीवर लागत नसे. ती कशावर लागे, हेच आज सांगायचे आहे. पण त्याआधी बाटलीचा विचार थोडा पुरा करू.

व्हिस्की पिंपात असते तोवरच तिचे वय वाढते. लाकडातून रंग आणि चव येते, आणि पिंपाच्या छिद्रांतून दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते. या उडून गेलेल्या भागाला स्कॉटलंडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडच्या थंड हवेत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के. आपल्याकडे मात्र देवदूत फार तहानलेले! बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीत हाच वाटा दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. १९४८ साली ही डिस्टिलरी काढणाऱ्या राधाकृष्ण जगदाळे यांचे आडनाव ऐकून आपले कान टवकारले असतील. ते घराणे मूळचे मराठीच. त्यांच्या पुढच्या पिढीने २००४ मध्ये भारतीय सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, आणि पुढे काही वर्षे टिकवलेल्या मोजक्या बाटल्यांना ‘ग्रीडी एंजल्स’ म्हणजे हावरे देवदूत असेच नाव दिले. त्या बाटल्या आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. परंतु आपल्या उन्हात साठ वर्षांचे पिंप राखायचे म्हटले, तर शेवटी कोरडे लाकूडच हाती लागेल.

बाटलीत भरल्यावर दारूचे वय थांबते. त्यामुळे जुन्या बाटलीची किंमत चढते ती आतल्या पदार्थाच्या गुणाने तितकी नव्हे, जितकी तिच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीने. किती बाटल्या होत्या, किती फुटल्या, कोणाच्या तळघरात होत्या, हा सारा इतिहासच विकला जात असतो. १९४१ साली स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ पॉलिटिशियन नावाचे जहाज व्हिस्की घेऊन फुटले. १९८७ मध्ये त्यातल्या आठ बाटल्या लिलावात चार हजार पौंडांना गेल्या, त्या आतल्या चवीसाठी खचितच नव्हे. आणि जिथे इतिहास विकला जातो तिथे खोटा इतिहासही विकायला येतो. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगशाळेने ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ बनावट निघाल्या. ही तपासणी मोठी गमतीची आहे. १९५० नंतर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बन वाढला, तो पिकात आला, पिकातून दारूत आला. तेव्हा १८७८ ची म्हणून दाखवलेल्या बाटलीत हा कार्बन सापडला की चोरी उघडी पडते. स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात २०१७ साली अशाच १८७८ च्या म्हटलेल्या बाटलीतला एकच पेला एका प्रवाशाने जवळजवळ दहा हजार फ्रँक मोजून घेतला. तपासणीत ती दारू १९७० च्या आसपासची ठरली.

हे वाचून आम्हांला खोपोली रस्त्यावरचा एक प्रसंग आठवला. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी आता फार्महाऊसांची रांग लागली आहे. सोमवारी सकाळी तिथल्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे येतात. आम्ही रद्दी घालायला थांबलो होतो. साध्या बाटल्या पोत्यात फेकल्या जात होत्या. विलायती मात्र पुसून, बूच लावून, वेगळ्या फळीवर उभ्या केल्या जात होत्या.

“या का वेगळ्या हो?” आम्ही विचारले.

“त्याला भाव हाय, काका. खोक्यासकट आणली तं आणखी देतो.”

“रिकाम्या बाटलीचे खोके घेऊन करता काय?”

“आपण काय करनार? आपल्याकडून फुडं जाते.” एवढे बोलून तो हसला आणि काटा लावू लागला.

पुढे जाऊन त्या बाटलीत काय भरले जाते, हे सांगायला प्रयोगशाळा नको. ती बाटली उकिरड्यावरून वेचून आणणारे पोर बहुधा जवळच्या कातकरवाडीतले होते, आणि आमची खरी हकिकत त्या वाडीपासूनच सुरू होते.

एका शब्दाकडे लक्ष द्यावे. दारू पिण्याच्या जागेला आपण मराठीत गुत्ता म्हणतो. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ दारू नव्हे, की पिण्याची जागाही नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, इजारा. सरकारला ठराविक रक्कम देऊन एखादे उत्पन्न वसूल करण्याचा हक्क. हा हक्क ज्या दुकानात चाले, त्या दुकानालाच लोक गुत्ता म्हणू लागले, आणि मूळ अर्थ झिजून गेला. हा मक्ता ज्या लिलावात दिला जाई, तो लिलाव शब्दही आपला नव्हे. पोर्तुगीजांच्या लैलांव या शब्दाचे ते मराठी रूप. अबकारी हा शब्द फारसी. एका पेल्यामागे तीन राजवटींची भाषा उभी आहे.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी आपल्या भागात दारू गावोगाव गाळली जाई. किनाऱ्याला माडी-ताडी, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला मोहाची. मातीच्या मडक्यात सुकी फुले आंबवायची, खाली जाळ लावायचा, आणि वाफ वेळूच्या नळीतून दुसऱ्या मडक्यात उतरवायची. ठाकर-कातकऱ्यांच्या लग्नात, बाळंतपणात, देवाच्या कार्यात ती लागे. यावर गावच्या मक्तेदाराला काही द्यावे लागे, पण मडके घरचे, फूल रानातले.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. गावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम मोठ्या डिस्टिलऱ्यांकडे आले. आपल्या बाजूची दारू मुख्यतः उरणहून येऊ लागली. तिथे पारशी मालकांच्या भट्ट्यांची ओळच होती, आणि मोहाची फुले गुजरातेतून व रेल्वेने मध्य प्रांतातून येत. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाल्यापासून कर्जतला माल पोहोचवणे अवघड राहिले नव्हते. म्हणजे कर्जतच्या रानात मोह फुलत असता तिथल्या कातकऱ्याने पंचमहालच्या फुलाची, उरणात गाळलेली, गॅलनमागे कर भरलेली दारू विकत घ्यायची! विलायती दारूवर बंदरात जकात पडे. माथेरानच्या साहेबांची सोय त्यात होत असे. देशी दारूचे मात्र दोन भाग होते: एक कर भट्टीवर, आणि दुसरी रक्कम विक्रीच्या हक्काची. ही दुसरी रक्कम लिलावात ठरे.

कधी साऱ्या तालुक्याचा मक्ता, कधी एकेका दुकानाचा. कचेरीत बोली पुकारली जाई, एकवार, दोनवार, तीनवार, आणि सर्वांत चढी बोली बोलणाऱ्याला वर्षभराचा परवाना मिळे. श्रोतेहो, इथे क्षणभर थांबावे. लंडनच्या लिलावात बोली बोलणारा स्वतःच्या खिशातले पैसे देतो आणि बाटली घरी नेऊन कपाटात ठेवतो. आपल्या कचेरीतल्या लिलावात बोली बोलणारा जे विकत घेई ते कपाटात ठेवण्यासारखे नव्हते. त्याने विकत घेतलेली असे ती पुढच्या बारा महिन्यांतली माणसांची तहान. बोली जितकी चढी, तितकी ती रक्कम वसूल करण्यासाठी दुकान अधिक वेळ उघडे राही, उधारी अधिक लिहिली जाई, मापात पाणी अधिक पडे. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल, असे सरकारचे अबकारी धोरण सांगितले जाई. कागदावर ते शोभून दिसते. परंतु चढ्या बोलीला दुकान देणारे सरकार आणि कमी खप इच्छिणारे सरकार ही दोन एका खुर्चीवर बसू शकत नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचा चौथाईच्या आसपासचा भाग अबकारीतून येत होता. त्या दशकात मुलांच्या शाळा काही अंशी बापांच्या दारूवर चालत होत्या, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

घरचे मडके फोडूनही लिलावाची रक्कम सुरक्षित झाली नव्हती, कारण रानात फूल होते. म्हणून १८९२ साली मोहाचा स्वतंत्र कायदा आला. तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी होता, आणि मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवर त्याने निर्बंध घातले. खालापूरच्या पेट्यासह कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाण्यात होता, मग कुलाब्यात गेला; कायद्याने दोन्ही जिल्हे धरल्यामुळे त्याला कुठूनच सुटका नव्हती. चैत्रात पहाटे टपटप पडणारे हे फूल दारूपुरतेच नसते. सुकवून, भाजून, शिजवून ते पोटाला घालतात. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की तेच कामी येते. कायद्याने दारूचा कच्चा माल म्हणून फूल धरले, आणि त्यात वाडीतले धान्यही धरले गेले. एका दुकानाची बोली पडू नये म्हणून माणसाच्या टोपलीतले अन्न गुन्ह्यात जमा व्हावे, हा आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत वाईट भाग.

पुण्यामुंबईकडच्या विचारवंतांना दारूचे दुकान दिसले. मोहाची टोपली क्वचित दिसली. १८८० साली ज्योतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. १९२१ च्या असहकारात आणि पुन्हा १९३० मध्ये लोकांनी दुकानाच्या दाराबरोबर कचेरीतला लिलावही गाठला. कोणी बोली बोलू नये, असे आवाहन झाले. हे वर्मावर बोट होते. दुकान बंद केले तर दुसरे उघडते. बोलीच लागली नाही तर सरकारच्या अंदाजपत्रकात भोक पडते.

त्यानंतरचे सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. पुढे १९४९ चा कायदा, आणि १९५० च्या एप्रिलपासून सगळ्या राज्यात संपूर्ण बंदी. मक्त्याचे लिलाव संपले. हातभट्टी संपली नाही. उलट वाडीवरचे पोलिसांचे छापे वाढले. १९६० नंतर बंदी सैल होत गेली, आणि १९७० नंतरच्या दशकात देशी दारूची परवान्याची दुकाने पुन्हा उघडली. कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. अबकारी खात्याला आता उत्पादन शुल्क म्हणतात.

जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष मात्र अजून प्रत्येक दुकानात उभा आहे. इंग्रजी अमदानीत देशी दारू मुख्यतः दोन जोरांची विकली जाई: प्रूफच्या खाली २५ अंश आणि प्रूफच्या खाली ६० अंश. प्रूफ म्हणजे शेकडा ५७.१ भाग मद्यार्क. त्यातून पाव भाग वजा केला की ४२.८ उरतात. आज भारतात भरल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हाच आकडा छापलेला असतो. स्कॉटलंडची बाटली बहुधा ४० किंवा ४३ म्हणते; आपली ४२.८. शंका असेल त्याने बाटली फिरवून पाहावी. पिण्याची गरज नाही.

मोहाच्या फुलावरचे बहुतेक निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठवले. १८९२ पासून मोजले तर मध्ये १२९ वर्षे गेली. परवा कर्जतच्या बाजारात एक म्हातारी कातकरीण सुकी फुले घेऊन बसली होती. भाव विचारला तेव्हा तिने प्रथम इकडेतिकडे पाहिले, मग फडक्याचे टोक बाजूला केले आणि हळूच म्हणाली, “खायाची हायेत, बाबा. खायाची.”