दुपारनंतर सुट्टी

स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आमच्या १९६८ च्या अकरावीच्या तुकडीतले आम्ही सहा-सात जण तीनदा जमलो. वर्गणी कोणी गोळा करायची, जेवणाचं कोणी बघायचं, स्मरणिकेला लेख कोणाकोणाकडून घ्यायचे, असे विषय कागदावर लिहून नेले होते. पण तिन्ही वेळा बैठक फुटबॉलवर घसरली. 'मैदान' हा सिनेमा २०२४ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा आम्ही सगळे म्हातारे मिळून दुपारचा खेळ पाहून आलो होतो, आणि तेव्हापासून कोणाच्याच डोक्यातून तो उतरलेला नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिनेमा सैयद अब्दुल रहीम यांच्यावर आहे. हैदराबादचे रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. वर्गात शिकवायचे आणि मैदानावर खेळाडू घडवायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने आपल्या मुंबईतला रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं नेला. भारतीय संघ त्यांच्याकडे आल्यावर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो आणि १९६२ मध्ये जकार्ताला एशियाड जिंकलो. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने ते गेले. शाळामास्तर म्हटल्यावर आमच्या टोळक्याला ते घरचेच वाटले, हे वेगळं सांगायला नको.

तर या बैठकांमध्ये नावं निघायची. आमच्या वर्गाचा गोलकीपर (आता दोन्ही गुडघे बदललेला) थंगराजचं नाव काढायचा. बँकेतून निवृत्त झालेला मित्र चुनी गोस्वामींचा भक्त. त्याचं म्हणणं, फुटबॉलमध्ये देशाचा कॅप्टन आणि क्रिकेटमध्ये बंगालचा कॅप्टन म्हणून १९७२ साली रणजीचा अंतिम सामना मुंबईशी खेळलेला माणूस पुन्हा होणे नाही. मी नेव्हिल डिसोझांवर अडून बसायचो. मूळ गोव्याचे, पण खेळले मुंबईत. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९८० साली, वयाची पन्नाशीही न गाठता, तो गेला. आज कूपरेजच्या रस्त्यावर दहा माणसांना त्याचं नाव विचारा, एकाला माहीत असेल तर मी चहा पाजतो.

आणि प्रत्येक नावानंतर कोणी ना कोणी तेच वाक्य म्हणायचं : "पण काय साधी माणसं होती रे!"

ती साधी होती यात शंका नाही. सैलेन मन्ना एकोणीस वर्षं मोहन बागानकडून खेळले, ते क्लबकडून पैसे न घेता. पोट भरलं ते भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या नोकरीवर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, त्यातली एक मन्नांची, आणि अगदी शेवटी गोल खाऊन २-१ हरलो. त्या संघाचा कॅप्टन तालिमेरेन आव हा नागा टेकड्यांतला, वैद्यकीचं शिक्षण घेणारा तरुण. पुढे डॉक्टर होऊन तो आपल्या मुलखात परत गेला आणि आयुष्यभर रोगी तपासत राहिला.

इथे एक भाकडकथा खोडून काढायला हवी, कारण आमच्या बैठकीतही ती निघालीच. १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही ते म्हणे अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून. मन्ना स्वतः पुढे सांगत की हे कारण नव्हे; आपल्या फुटबॉलच्या धुरिणांना विश्वचषकाचं महत्त्वच कळलं नव्हतं, त्यांच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व. बुटांची सक्ती आली ती १९५२ नंतर, हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ल्यावर. म्हणजे चूक कार्यालयातल्या लोकांची, आणि गोष्ट मात्र राहिली खेळाडूंच्या अनवाणी पायांची. आपल्याला अनवाणी पाय फार आवडतात.

तुळशीदास बलराम यांचंच घ्या. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. चुनी, पी. के. आणि बलराम हे त्रिकूट म्हणजे त्या काळच्या भारतीय आघाडीचा प्राण. रोम ऑलिंपिकमध्ये १९६० साली हंगेरीविरुद्ध बलरामचा गोल, पेरूविरुद्धही बलरामचाच. छातीच्या दुखण्याने सत्ताविशीच्या आसपास खेळ सुटला. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्म कधीच मिळालं नाही. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला एकटे राहत, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. आम्ही हळहळलो, "किती साधा माणूस" म्हणालो आणि पुन्हा वर्गणीकडे वळलो.

त्या क्षणी मला अण्णा आठवले, आणि माझ्या घशाशी काहीतरी आलं.

आमच्या आगेमागच्या तुकड्यांना अण्णा आठवत असतील. आपल्या शाळेच्या मागच्या चाळीतले, आमच्याहून बारा वर्षांनी मोठे. नववीतून शाळा सुटली. १९५९ साली एका गिरणीने त्यांना फुटबॉलसाठी घेतलं, राइट आउट म्हणून. त्या काळी मुंबईत हीच रीत होती. तेल कंपन्या, टाटा, बँका, रेल्वे, गिरण्या, सगळ्यांचे संघ. कॅलटेक्सने तर १९५८ चा रोव्हर्स जिंकला होता. खेळाडूला हजेरीपटावर नोकर म्हणून लावायचं, सकाळी तोंडदेखलं कामावर बोलवायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सरावाला सोडायचं. अण्णा हजेरीपटावर साचेखात्यात होते. साचा कसा चालवतात हे मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट आलं नसावं.

रविवारी ते आम्हा पोरांना कूपरेजला नेत. एल्फिन्स्टन रोडवरून (आताचं प्रभादेवी) चर्चगेट, तिथून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत. पूर्वी तिथे पिंपं बनवत म्हणून कूपरेज, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. तिकिटाचे पैसे आमच्याकडे कुठले? खेळाडूंच्या दारातून ते आम्हाला आत घेत आणि गोलच्या मागे बसवत. बॉल बाहेर गेला की आणून द्यायचा, एवढीच अट. जकार्ताच्या विजयाची बातमी मी त्यांच्याच तोंडून ऐकली. आम्ही तेव्हा सहावीत होतो. नाक्यावर उभं राहून ते पेपर वाचून दाखवत होते : जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तरी बॅकचा माणूस सेंटर फॉरवर्डला खेळला आणि त्याने गोल केला, दुसरा पी. के.चा, कोरिया हरला. वाचता वाचता त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात फिरवला होता, जणू टाके त्यांनाच पडले आहेत.

ते खेळायचे कसे? आमच्या गोलकीपरचं मत, साधारण. माझं मत वेगळं आहे, पण ते प्रेमाचं असू शकेल. वेग होता. बाजूच्या रेषेवरून असे पळायचे की चुन्याची धूळ उडायची. भारतीय संघात जाण्याइतके ते नव्हते आणि ते त्यांना माहीत होतं.

१९६८ साली, आम्ही अकरावी झालो त्याच वर्षी, गिरणीने संघ बंद केला. अण्णांचा उजवा गुडघा तोवर गेलाच होता. त्यांना फोल्डिंगला पाठवलं.

१९७२ मध्ये बी. कॉम. होऊन मी त्याच गिरणीच्या लेबर ऑफिसात कारकून म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात अण्णा खिडकीशी आले, रजेच्या अर्जासाठी. मला पाहून हसले आणि म्हणाले, "साहेब, एवढं बघा." ज्या माणसाने मला हात धरून ओव्हलचा रस्ता ओलांडून दिला तो मला साहेब म्हणाला, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. पुढची दहा वर्षं ते आठ-आठ तास त्या गुडघ्यावर उभे राहून कापडाच्या घड्या घालत होते. कधी तक्रार नाही. ऑफिसातही सगळे म्हणत, साधा माणूस.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. त्याबद्दल या स्मरणिकेत इतर लिहितीलच; आपल्या शाळेतलं कुठलं घर त्यातून सुटलं? अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या गिरणीने पुढे थोड्यांना परत घेतलं, अण्णांना घेतलं नाही. १९८४ मध्ये त्यांचा हिशेब करायला कागद माझ्या टेबलावर आला.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण वर्ष धरायचं तर त्यात २४० दिवस काम भरलेलं हवं. अण्णांची नोकरी १९५९ ते १९८२, तेवीस वर्षं. पहिल्या नऊ वर्षांच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे जवळजवळ रोज एकच शेरा होता : 'दु. सु.', दुपारनंतर सुट्टी. वरच्या साहेबांनी तोंडी सांगितलं, अर्धे दिवस अर्धेच धरा. तीनशे दिवसांचे झाले दीडशे. दीडशे म्हणजे २४० पेक्षा कमी. नऊच्या नऊ वर्षं गळली, चौदा राहिली.

मला माहीत होतं की ती सुट्टी नव्हती. गिरणीच्याच हुकमाने, गिरणीचं नाव छातीवर लावून ते दुपारी उन्हात पळत होते. गुडघा गेला तो त्याच कामात. सराव आणि सामन्यांच्या नोंदींची संघाची जुनी वहीही त्याच कपाटात होती, मी ती पाहिली होती. ती काढून साहेबांपुढे ठेवायला पाच मिनिटं लागली असती. पण ऑफिसातलीही माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, माझी मुलगी दोन वर्षांची होती. मी हिशेब केला, माझ्या अक्षरात, आणि वही कपाटात राहू दिली.

अण्णा पैसे घ्यायला आले तेव्हा त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "पहिली नऊ वर्षं दिसत नाहीत," म्हणाले. मी २४० चा नियम समजावला. "बरं," म्हणाले, आणि सही केली.

आमच्या बैठकीत मी हे सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो की रेल्वेने पी. के. बॅनर्जींना सांभाळलं, पोलिसांनी हैदराबादच्या पोरांना सांभाळलं, तिथे खेळ हे काम धरलं गेलं. जिथे धरलं गेलं नाही तिथल्या खेळाडूंना आपण साधे म्हणतो. मित्रांना ते फारसं पटलं नाही. बँकवाला म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीत हिशेब आणतोस." खरं आहे. आयुष्यभर तेच काम केलं.

एक गोष्ट मात्र मी लावून धरली. मेळाव्याच्या आमंत्रणाची यादी आपण अकरावी आणि दहावी उत्तीर्णांच्या नोंदवहीवरून केली होती. नववीत शाळा सोडलेले त्यात नाहीत, म्हणून अण्णाही नव्हते. समितीने मान्य केलं की जे शाळेत शिकले ते सगळे माजी विद्यार्थी, आणि यादीत त्यामुळे पुष्कळ नावं वाढली. कोणाला आपल्या ओळखीतलं असं नाव आठवत असेल तर समितीला अवश्य कळवा.

पत्रिका घेऊन मी स्वतः गेलो. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत, विरारला मुलीकडे असतात. कान मंद झालेत, नजर चांगली आहे. मला ओळखलं, आणि या वेळी साहेब म्हणाले नाहीत, "ये रे" म्हणाले. चहा झाल्यावर मी त्या नऊ वर्षांचं सांगितलं. वही कपाटात होती तेही सांगितलं. मुलगी आत भांडी लावत होती, तिचा आवाज थांबला.

"तुझं अक्षर होतं ते," अण्णा म्हणाले. "तेव्हाच ओळखलं होतं."

पुढे काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, तारीख वाचली, आणि विचारलं, कूपरेजला आता गवत कसं आहे? मी सांगितलं, खरं गवत गेलं, आता कृत्रिम हिरवळ अंथरली आहे.

"मग पडल्यावर पोरांचे गुडघे सोलत असतील," ते म्हणाले, आणि मेळाव्याला यायचं तर विरारहून कुठली गाडी बरी, हे मुलीला विचारायला हाक मारली.